अक्कांची बिनक्लचची गाडी

आमच्या घरात गाडी चालवायच्या त्या फक्त अक्का. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे शेजारच्या सीटवर बसायचे, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, आणि वळण आलं की दाराची मूठ घट्ट धरायचे, असं घरातले सगळे सांगतात. मी लग्न होऊन सांगलीहून बेंगळुरूला आले तेव्हा ते हयात नव्हते. गाडी मात्र होती. पांढरी, गोल दिव्यांची, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली, आणि टपावर कॅरिअर.

त्या कॅरिअरवर रेक्झिनचे गठ्ठे जायचे. शिवाजीनगरात आमचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी टांग्यांच्या गाद्या शिवण्यापासून सुरुवात केली होती. पुढे मोटारी आल्या, मग रिक्षा, मग टॅक्सी. अक्का लग्नानंतर वर्षभरातच शिलाईला बसल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीलाही. दुकानाचा ड्रायव्हर एक दिवस न सांगता गावी निघून गेला, माल पोचवायचा होता, आणि सासऱ्यांना चाकाला हात लावायची भीती वाटायची. "मग काय करणार," अक्का सांगायच्या, "मी म्हटलं, मशीन मीच चालवते, ही पण चालवते."

मी त्यांना गाडी चालवताना पहिल्यांदा पाहिलं ते यशवंतपूर स्टेशनबाहेर. नव्या सुनेला आणायला त्या स्वतः आल्या होत्या. नऊवारीही नाही, सलवार-कमीजही नाही. साधी सुती साडी, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्याजवळ मेकॅनिकलची पदवी होती आणि चारचाकी मला चालवता येत नव्हती. त्यांनी माझी ट्रंक स्वतः डिकीत टाकली, गाडी सुरू केली आणि समोर आडव्या उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला कन्नडमध्ये दोन शब्द ऐकवून बाहेर काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "स्वल्प आवाज करते. मनावर घेऊ नकोस."

त्यांचं मराठी असं होतं. दर तिसऱ्या वाक्यात कन्नडमधलं स्वल्प, म्हणजे थोडं, आणि सरी, म्हणजे बरं. माझं सांगलीचं बोलणं त्यांना भांडल्यासारखं वाटायचं आणि त्यांचं मला कुणीतरी समजूत काढल्यासारखं. आमचं जमलं ते बोलण्यावरून नाहीच. रविवारी सकाळी त्या बॉनेट उघडून प्लग पुसायला बसल्या की मीही जवळ जाऊन बसायचे, त्यावरून जमलं. पुढे मला इलेक्ट्रॉनिक सिटीत विजेच्या स्कूटरच्या मोटर तपासायच्या विभागात नोकरी लागली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त प्रश्न अक्कांनीच विचारले. मोटर तापते का, किती तापते, मग थंड कशी करता.

गाडीचं इंजिन तोपर्यंत थकलं होतं. चढावर निळा धूर सोडायचं, सिग्नलला तापायचं. रिंगा बदलून झाल्या होत्या, हेड घासून झालं होतं. अक्का ते सगळं सांभाळून घ्यायच्या. पण मग त्यांचा गुडघाच गेला. डावा. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, जिने चढायला लागल्या. पण त्या गाडीचा क्लच म्हणजे विहिरीचा रहाट होता. तेवढा जोर त्या पायात परत आला नाही.

एका दुपारी बाजारातल्या चढावर गाडी बंद पडली. परत सुरू करताना क्लच पुरता दाबला गेला नाही, गाडी मागे सरकली आणि मागच्या रिक्षाला टेकली. कुणाला काही लागलं नाही. रिक्षावाला ओळखीचा होता, त्याने उलट पाणी आणून दिलं. अक्कांनी त्यालाच गाडी घरापर्यंत आणायला सांगितली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ धुवायला घेतली.

माझा नवरा संध्याकाळी म्हणाला, "बरं झालं. आता बास कर, आई. पुष्कळ चालवलीस."

गाडीवर ताडपत्री पडली.

नंतरचे महिने मी विसरलेले नाही. अक्कांची धाकटी बहीण हेब्बाळच्या तळ्यापलीकडे राहते. दर गुरुवारी अक्का तिच्याकडे जायच्या, दोघी मिळून काहीतरी तळायच्या आणि संध्याकाळी डबा घेऊन परत यायच्या. ते थांबलं. जाताना रिक्षा मिळायची, येताना मिळायची नाही, आणि मोबाइलवरून गाडी बोलवायला त्यांना आवडायचं नाही. "कोणाच्या तरी मागे बसून जायचं," त्या म्हणायच्या, "पार्सलसारखं." दुकानातही कमी यायला लागल्या. दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या सीट कोणत्या दुकानाच्या ते ओळखायच्या.

मी गाडी दोन-तीन मेकॅनिकना दाखवली. एक म्हणाला हेच इंजिन पुन्हा बांधू, दुसरा म्हणाला भंगारातून नव्या छोट्या गाडीचं पेट्रोल इंजिन आणतो, ब्रॅकेट बदलली की बसतं. दोघांचंही बरोबर होतं. पण इंजिन कुठलंही घातलं तरी क्लच राहणारच होता. हे मला कळत होतं आणि तरी मी आठवडाभर त्या दोन पर्यायांतच फिरत राहिले, कारण गाडी दुरुस्त करायची असंच डोक्यात होतं. ऑफिसात चाचणीच्या बाकावर मोटर शून्यापासून फिरायला लागलेली रोज बघत होते. ना क्लच, ना गिअर. एका सकाळी ते बघताना हातातला चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर आधी अक्कांनाच विचारलं. "इंजिन काढून टाकलं आणि तिथे मोटर बसवली तर?"

"म्हणजे माझ्या गाडीची स्कूटर करणार?"

"चार चाकांची."

त्यांनी आपला गुडघा चोळला. मग एकच विचारलं. "डावा पाय नको?"

"नको. दोनच पेडल. दोन्ही उजव्या पायाला."

"सरी. मग कर."

नवऱ्याशी मात्र भांडण झालं. तो वाईट माणूस नाही. लहानपणी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर, रेक्झिनच्या गठ्ठ्यांवर झोपून तो वाढला. तो घाबरला होता. "तिला उद्या काही झालं म्हणजे?" तो म्हणाला. "तू बसवून देशील, ती चालवेल, आणि मी इथे दुकानात बसून फोन वाजायची वाट बघणार?"

"आत्ता तिला काय होतंय ते दिसतंय ना तुला?"

पण गाडी न्यायला टेम्पो आला त्या दिवशी ताडपत्री त्यानेच काढली आणि घडी घालून ठेवली.

अशी कामं घरच्या अंगणात करता येत नाहीत. सरकारने मान्य केलेले सुटे भाग लागतात, ते बसवायचा परवाना असलेली जागा लागते, नंतर तपासणी होते. हेब्बाळच्या पुढे अशी एक छोटी शेड मला सापडली. मालक सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले कन्नड गृहस्थ होते, मोजकं बोलणारे. मी काय काम करते ते ऐकून म्हणाले, "शनिवारी येत जा. पण शेवटचा शब्द माझा." मला ते मान्य होतं.

इंजिन काढलं त्या शनिवारी अक्का आल्या. सोबत थर्मास, उपमा आणि एक जुना टॉवेल. साखळीने इंजिन वर उचललं गेलं. तिथे आलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाने हळहळ व्यक्त केली. छान इंग्रजी बोलणारा, तरुण, स्वतःची जुनी जीप घेऊन आलेला. म्हणाला, "आजी, वाईट वाटत असेल. गाडीचा जीवच गेला की."

अक्कांनी टॉवेलने हात पुसले. "माझं शिलाईचं मशीन आहे ना," त्या म्हणाल्या, "त्याचं पायडल काढून मोटर बसवली तेव्हा कोणी रडायला आलं नव्हतं. मशीन माझंच राहिलं. शिवते ते महत्त्वाचं."

ते इंजिन घरी न्यायचं का, असं मालकांनी विचारलं तर अक्कांचं उत्तर तयार होतं. "नेऊन काय करू, त्यात लोणचं घालू?" शेवटी एका तंत्रनिकेतनाने मुलांना खोलून शिकवायला ते मागून घेतलं. अक्कांना हे आवडलं. त्या स्वतः जाऊन मास्तरांना सांगून आल्या की तिसऱ्या सिलिंडरपाशी जपून, तिथला बोल्ट पूर्वी एकदा तुटलाय.

रिकाम्या जागेत मोटर किती लहान दिसली. आम्ही गिअरबॉक्सही काढला आणि मोटर थेट मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडली. मधली जोडणी अगदी मध्यावर बसावी लागते, केसभर हलली तरी गाडी थरथरते. त्यात आमचे पुष्कळ शनिवार गेले. बॅटऱ्या निम्म्या पुढे, निम्म्या डिकीत. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअरचा दांडा मालक काढून टाकणार होते. मी तो ठेवायला लावला आणि त्याला पुढे-मागे जाण्याचा स्विच जोडला, कारण अक्कांचा हात सवयीने तिथेच जाणार हे मला माहीत होतं. डिकीतल्या बॅटऱ्यांमुळे मागची सीट वीतभर पुढे आली. तिचं माप अक्कांनी स्वतः घेतलं, दुकानात बसून नवी शिवली, गडद हिरव्या रेक्झिनमध्ये, पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी टीप घालून. गेल्या कित्येक महिन्यांत त्या इतका वेळ मशीनवर बसल्या नव्हत्या.

मग पहिल्यांदा चालवायचा दिवस आला. शेडच्या मागे मोकळं मैदान होतं. नवराही आला होता, हाताची घडी घालून उभा. अक्का बसल्या, दांडा पुढे ढकलला, पाय ठेवला आणि गाडीने उडी मारली. त्यांनी ब्रेक दाबला. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा धक्का. मैदानाच्या टोकापर्यंत गाडी ठेचकाळत गेली, तशीच परत आली. अक्का उतरल्या. चेहरा उतरला होता.

"ही माझं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "आवाज पण नाही. कुठे आहे, किती पळतेय, काहीच कळत नाही मला."

नवऱ्याने पुढे होऊन गाडीचं दार लावलं, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मालक म्हणाले, सगळ्यांचं असंच होतं, आठवडाभरात पायाला सवय होते. मला ते पटलं नाही. मी स्वतः गाडी चालवून पाहिली. तोवर मी शिकले होते. गाडी तुपासारखी गेली. म्हणजे दोष मोटरचा नव्हता. मी लॅपटॉप जोडला आणि अक्कांच्या पायाने काय काय केलं त्याची नोंद पडद्यावर काढली. माझी रेघ सरळ चढत गेलेली होती. त्यांची रेघ म्हणजे करवतीचे दाते. दाब, सोड, दाब, सोड. बघता बघता मला हसू फुटलं. त्या थकलेल्या इंजिनाला जागं ठेवायला त्या इतकी वर्षं पेडल असंच थोपटत आल्या होत्या. इंजिन दहा वेळा थोपटल्यावर एकदा ऐकायचं. मोटर प्रत्येक वेळी ऐकत होती.

"अक्का, ती तुमचं जरा जास्तच ऐकतेय," मी म्हटलं, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा लावून त्या दात्यांकडे पाहिलं. "ही मी?"

"ही तुम्ही."

मालकांशी माझा त्या दिवशी अर्धा तास वाद झाला. मोटरची ताकद बदलायची नाही, ते नियमात बसत नाही; पेडल किती हळुवार हवं ते मात्र ठरवता येतं. पण एका ग्राहकासाठी एवढा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आमच्या दुकानात प्रत्येक गाडीची सीट त्या गाडीच्या मापाने शिवतात. ते म्हणाले, "सरी, करा."

पुढचे दोन शनिवार अक्का मैदानात फेऱ्या मारत होत्या आणि मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे बदलत होते. त्या थोपटायच्या, मी थोपटणं गाळून त्यामागचा हेतू तेवढा मोटरपर्यंत जाऊ द्यायचे. स्पीडोमीटर गाडीत कित्येक वर्षं बंदच होता, त्या कानांनीच वेग ओळखायच्या. आता तिथे मोठ्या आकड्यांचा पडदा बसवला. आधी त्यांची नजर तिथे जायचीच नाही. मग हळूहळू जायला लागली. त्यांनीच स्वतःला शिस्त लावली: प्रत्येक वळणाआधी आकडा मोठ्याने वाचायचा. "वीस," त्या म्हणायच्या आणि वळायच्या. "बारा," आणि वळायच्या.

दुसऱ्या शनिवारी दुपारी त्यांनी मैदानाला एक पूर्ण फेरी मारली, धक्का न देता, बोललेल्या आकड्यावर, आणि शेडच्या दारात दोन खांबांच्या मधून उलटी घेऊन गाडी उभी केली. मी काही मदत केली नव्हती. पडद्यावर त्यांची रेघ पाहिली. सरळ नव्हती, अजूनही बारीक कंगोरे होते, पण ती रेघ त्यांची होती आणि गाडी तिच्यामागे निमूट चालली होती. कामाच्या ठिकाणी मी शेकडो मोटर पास केल्या असतील. इतका आनंद मला एकाही वेळी झाला नव्हता.

तपासणीला गाडी नेली तेव्हा अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, नंबर ताडले, वाकून खालून बॅटऱ्यांच्या पेट्या पाहिल्या. मग म्हणाले, "चालवून दाखवायला ड्रायव्हर कोण?"

"मी," अक्का म्हणाल्या.

ते माझ्याकडे वळले. मी मान डोलावली. अक्कांनी आपला परवाना पुढे केला, नुकताच डॉक्टरचा दाखला देऊन नवा करून घेतलेला. अधिकारी शेजारी बसले. गाडी फाटकातून बाहेर गेली, दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा अधिकारी अक्कांना विचारत होते की आपल्या आईच्या जुन्या गाडीचं असं होईल का, आणि अक्का त्यांना सांगत होत्या की आईचा पाय आधी बघा, मग ठरवा.

नंबर तोच राहिला, पाटी मात्र विजेच्या गाड्यांसारखी हिरवी झाली. गुरुवार पुन्हा सुरू झाले. पहिल्या गुरुवारी अक्का बहिणीला गाडीत बसवून तळ्याभोवती फिरवून आल्या आणि परत येताना एवढ्या चकल्या घेऊन आल्या की दुकानात सगळ्यांना वाटाव्या लागल्या. बाजारातल्या चढावर, ज्या ठिकाणी त्या दुपारी गाडी बंद पडली होती, तिथे त्या आता मुद्दाम थांबतात असं मला वाटतं. विचारलं नाही कधी.

मागच्या महिन्यात एकदा माझी ऑफिसची बस चुकली. अक्का चहा घेत होत्या. म्हणाल्या, "चल, सोडते."

"अक्का, इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. वरचा रस्ता घ्यावा लागेल."

"मग वरून जाऊ."

खांबांवरून जाणाऱ्या त्या उंच रस्त्यावर अक्का आयुष्यात गेल्या नव्हत्या. जुनं इंजिन तेवढा वेळ सलग पळालंच नसतं, मध्येच उकळलं असतं. चढ लागला तेव्हा त्यांनी आकडा वाचला, "पन्नास," आणि डाव्या रांगेत राहिल्या. मग एकदम सगळं मोकळं झालं. दोन्ही बाजूंना गच्च्या, टाक्या, वाळत घातलेले कपडे, खाली अडकलेल्या गाड्यांची रांग. काचा खाली होत्या आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मोठाल्या नव्या गाड्या शेजारून जाताना वेग कमी करून आत डोकावत होत्या. अक्का समोर बघत होत्या. पदर खोचलेला, कॅनव्हासचे बूट.

"किती शांत आहे गं," त्या म्हणाल्या. "ह्यांना बसवायला हवं होतं इथे. दाराची मूठ धरायचीसुद्धा आठवण राहिली नसती."

सासऱ्यांबद्दल त्या माझ्याशी क्वचितच बोलतात.

ऑफिसच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. माझ्या विभागातले चार-पाचजण चहाला बाहेर आले होते, तेही जमले. कुणी विचारलं, कुठल्या गॅरेजमध्ये केलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्काच हिंदीत म्हणाल्या, "मेरी बहू ने किया," आणि हिरवी पाटी दिसावी म्हणून गाडी थोडी पुढे घेतली. मग घड्याळ बघून मला म्हणाल्या, "दुकानात गिऱ्हाईक येणार आहे सीटचं माप द्यायला. निघते." दांडा मागे, दांडा पुढे, आणि गेल्या.

मी वर जाऊन खुर्चीत बसते न बसते तोच नवऱ्याचा फोन आला.

"पोचलात का?"

"हो. मला सोडून त्या परत निघाल्या."

"एकटी? वरच्या रस्त्याने?"

"वरच्या रस्त्याने."

मला वाटलं आता पुन्हा तेच सुरू होईल. पण फोन न ठेवताच तो तिकडे वळून दुकानातल्या कुणाशी तरी बोलायला लागला होता, कन्नडमध्ये, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. माझी आई वरच्या रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊन येतेय, तो सांगत होता, होय, त्याच गाडीने, नाही, इंजिन नाहीच आहे तिला, माझ्या बायकोने मोटर बसवलीय. समोरच्याला पटत नसावं, कारण त्याने तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी फोन कानाला लावून ते सगळं ऐकत बसले.